ज्याचा सिग्नल कमजोर, तो आधी

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला मुद्दाम थांबावं लागतं. चेहरा लगेच येतो. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, खिशात टेस्टर, आणि समोरचा माणूस काहीतरी चुकीचं बोलणारच आहे अशी खात्री असल्यासारखी कपाळावर आठी. आवाज मात्र उशिरा येतो, आणि येतो तोही रागावलेलाच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमचं कौतुक चार-दोन वाक्यांत संपायचं, रागावणं मात्र मला जन्मभर पुरलं आहे.

आज लिहायला बसले, कारण काल क्लबचं म्हणणं दिल्लीला पाठवून दिलं. हौशी रेडिओचे, म्हणजे परवाना काढून घरच्या सेटवरून जगाशी बोलायच्या आपल्या छंदाचे, नियम बदलायचे आहेत, असा मसुदा मध्यंतरी आला आणि हरकती-सूचना कळवा म्हणून मुदत दिली गेली. तुम्ही काढलेल्या क्लबची सेक्रेटरी आता मी. ज्या खुर्चीवर बसायला तुमच्या वेळी कोणी तयार नसायचं, तिच्यावर बसायला आजही कोणी तयार नसतं. सगळ्या सदस्यांची मतं गोळा करायची आणि त्यांचं एक म्हणणं तयार करायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं असं मी घरी सांगते. खरं म्हणजे मी ते मागून घेतलं. माणसांना एका सुरात आणणं मला जमत नाही, पण कोण काय म्हणतो आहे ते नीट ऐकून लिहून घेणं जमतं. नागपुरात ते माझ्याहून चांगलं कोणाला जमतं असं मला वाटत नाही. हसू नका. शिकवलंत तुम्हीच.

तुमचं कोराडीचं क्वार्टर मला अजून दिसतं. मी वीज केंद्रात तुमच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागले, उमरेडच्या विणकराची मुलगी, मीटरच्या काट्याकडे बघतानाही घाबरणारी. एका रविवारी तुम्ही घरी बोलावलं आणि थेट स्वयंपाकघरात नेलं, कारण तुमचा रेडिओ तिथंच होता. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीकडे उघडणारी खिडकी फक्त स्वयंपाकघराला होती, आणि टाकीवर तुमची अँटेनाची तार बांधलेली होती. एका बाजूला काकूंचा स्टोव्ह, कढई, मिसळणाचा डबा, दुसऱ्या बाजूला ओट्यावरच तुमचा सेट आणि माइक. तुम्ही बोलत असताना काकूंनी मिक्सर लावायचा नाही आणि काकू फोडणी देत असताना तुम्ही माइक उघडायचा नाही, असा तुमचा करार होता. कुकरच्या शिट्टीला मात्र कोणताच करार लागू होत नव्हता. एकदा कोलंबोच्या माणसानं विचारलं होतं, तुमच्याकडे आगगाडी घराजवळून जाते का? तुम्ही गंभीरपणे सांगितलंत की हो, तुरीच्या डाळीची आहे. काकू ओट्याला धरून हसत होत्या आणि मी पहिल्यांदाच त्या घरात मोकळी झाले.

ती तार टाकीवर कशी लागली, ते तुम्ही मला फार नंतर सांगितलंत. परवानगीसाठी तुम्ही कॉलनीच्या साहेबांकडे गेलात. त्यांनी तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे पाहा, मी सही-बिही काही देत नाही. पण मी टाकीकडे वर पाहून चालत नाही, एवढं तुम्हाले सांगून ठेवतो." पुढचे तिन्ही साहेब तसेच निघाले. कोणीच वर पाहिलं नाही. दर थोड्या दिवसांनी तुम्ही शिडी लावून टाकीवर चढायचात आणि तारेवर बसलेली चिमणीची राख ओल्या फडक्यानं पुसून काढायचात. कोराडीत राख सगळ्यांवरच बसायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर. तुम्हाला तेवढी तार महत्त्वाची वाटायची. स्वतःच्या मालकीचं घर तुमचं कधी झालंच नाही. निवृत्तीनंतरही तुम्ही भाड्याच्या खोल्यांत राहिलात आणि प्रत्येक घरमालकाच्या गच्चीवर काही ना काही टांगलंत.

आणि तो रविवार. दर रविवारी सकाळी सगळे एका फ्रिक्वेन्सीवर जमायचे. त्याला आपण नेट म्हणतो. एकानं मध्ये बसून सगळ्यांना त्यांच्या कॉलनं, म्हणजे परवान्यावरच्या नंबरानं, क्रमानं पुकारायचं, हजेरी घ्यायची, निरोप द्यायचे. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा माइक माझ्या हातात दिला आणि स्वतः पाटावर बसून पोहे खायला लागलात. मी सगळं झरझर उरकलं. मोठमोठे आवाज आले, मी नोंदी केल्या, "आणखी कोणी?" म्हटलं, श्वासभर थांबले आणि नेट बंद केलं. तुमची बशी ओट्यावर आपटली.

"बंद काहून केलं वं? तो उमरेडवाला कवाचा बोलून राहिला!"

"सर, मला ऐकूच आला नाही."

"ऐकू येत नाही म्हणून तं ऐका लागते, पोरी! जो जोरानं बोलते त्याच्यासाठी कान कशाले पाहिजे?"

उमरेडवाला म्हणजे माझ्याच गावचा एक मास्तर, जुनाट सेटवर बोलणारा. तुम्ही माझ्या हातातून माइक घेतला, नेट पुन्हा उघडलं आणि सगळ्यांना सांगितलंत की आजपासून रीत बदलली. ज्याचा सिग्नल सगळ्यात कमजोर, तो आधी बोलणार. ज्यांचे टॉवर उंच त्यांनी गप्प बसायचं. आणि पुढचा माणूस स्वतःचं म्हणणं सुरू करायच्या आधी, मागच्याचं काय ऐकलं ते बोलून दाखवणार. मग मास्तरांचा आवाज आला, पावसाळी ओढ्यापलीकडून हाक मारावी तसा. त्यांना फक्त एवढंच सांगायचं होतं की त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. घरी जाताना काकूंनी मला पोहे बांधून दिले आणि म्हणाल्या, "त्यायचं मनावर नको घेऊ. त्यायले बोलल्याशिवाय राहवत नाही." मी मनावर घेतलं, आणि बरं झालं घेतलं.

तुमची आणखी एक रीत होती. एका बैठकीत कोणीतरी सहज म्हणालं की उमरेडच्या मास्तरांचंही हेच मत आहे. मास्तर त्या दिवशी आले नव्हते. तुम्ही विचारलंत, "तो आहे का इथं?" नाही म्हटल्यावर म्हणालात, "मंग त्याचं तोंड त्याच्यापाशी राहू दे." जो फ्रिक्वेन्सीवर नाही, त्याच्या वतीनं कोणी बोलायचं नाही. यावरून तुम्ही जवळच्या मित्रांशीही भांडलात. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण शेवटी ते माझ्याच अंगावर येणार आहे.

तर मसुदा आला आणि आपल्या लोकांच्या अंगात आलं. फोनवरच्या ग्रुपमध्ये सकाळपासून रणकंदन. ज्यांनी मसुदा उघडलाही नव्हता त्यांची मतं सगळ्यात लांबलचक होती. मी दोन दिवस पाहिलं आणि सांगून टाकलं की ग्रुपवरचं काहीही मी मत म्हणून धरणार नाही. रविवारच्या नेटवर एकेक कलम वाचीन, ज्याला बोलायचं त्यानं बटण दाबून, स्वतःच्या आवाजात बोलावं. लोक कुरकुरले. पण आले. मोर्सच्या, म्हणजे टकटकीच्या लिपीच्या, परीक्षेच्या कलमावर तर आख्खी सकाळ गेली. वरच्या परवान्यासाठी मोर्सची सक्ती राहू नये, ऐच्छिक असावी, असं तिथं म्हटलंय. मी स्वतः त्याला हो म्हटलं. तोंड वाकडं करू नका. तुम्ही मला मोर्स शिकवलंत ते सक्तीनं नाही, मला हातमागाच्या धोट्याचा ठोका कानात बसलेला होता म्हणून ती आली. सगळ्यांच्या घरी माग नसतो.

त्यानंतर जागेचं कलम आलं. ज्या जागेत रेडिओ ठेवला आहे ती जागा परवानाधारकाच्या मालकीची हवी, नाहीतर घरमालकाची नोंदवलेली लेखी संमती जोडायची. नाही जोडली तर परवान्याचं नूतनीकरण होणार नाही. मी ते वाचलं आणि मला त्यात काहीच टोचलं नाही. आता माझं स्वतःचं घर आहे सर, गच्ची आहे, गच्चीवर अँटेनाचा पाइप आहे. बहुतेकांचं तसंच. मी म्हटलं, "कोणाचा विरोध असेल तर बोला." सक्करदरा लगेच बोलले. तुम्हाला माहीत आहे, आपल्यात माणसाला गावानं नाहीतर वस्तीनंच ओळखतात. हे सक्करदरा म्हणजे तलावाजवळ तीनमजली घर आणि त्यावर टॉवर असलेले काका, बांधकामाच्या ठेकेदारीत आयुष्य गेलेले. त्यांचा आवाज असा येतो की सेटला कान लावायची गरज नाही. ते म्हणाले, "विरोध कशाचा? बरोबर कलम आहे. लोकं कुठंबी तारा टांगून ठेवते, उद्या कोणाच्या डोक्यावर पडली तं?" त्यांच्या बोलण्याच्या सुरुवातीला एक बारीकशी खरखर झाली होती. मी ती ऐकली. थांबून "पुन्हा कोण?" विचारायला हवं होतं. पण आतून चहा आला होता, मोर्सच्या भांडणानं डोकं पिकलं होतं, आणि मी लिहून टाकलं: जागेचं कलम, एकमतानं मान्य.

म्हणणं टाइप करून झालं. पाठवायचं म्हणून उघडलं, तेवढ्यात बुटीबोरीचा फोन आला. हा तिकडच्या सूतगिरणीत पाळीवर काम करतो, मूळचा भंडाऱ्याकडचा. पत्र्याच्या एका खोलीत भाड्यानं राहतो. खिडकीच्या गजाला बांबू, बांबूला तांब्याची तार. त्याचा सिग्नल आपल्या रिपीटरपर्यंत, म्हणजे उंच इमारतीवर बसून ऐकलेलं जोरानं पुन्हा बोलणाऱ्या त्या यंत्रापर्यंत, कसाबसा रांगत येतो. तो म्हणाला, "ताई, माहं म्हणणं लिहून घेतलं न जी?"

"कोणतं रे?"

"घरमालकाच्या सहीचं. तुम्ही म्हनलं न, विरोध असंन तं बोला. मंग मी बोललो. सावकाश बोललो, तुम्हाले लिहाले बरं पडावं म्हणून. अगोदर घरी दोनदा बोलून पाह्यलं होतं."

काय झालं ते मला कळलं होतं. त्यानं आणि सक्करदरा काकांनी एकाच क्षणी बटण दाबलं होतं. अशा वेळी जोरकस आवाज तेवढा पोचतो, दुसरा पुसला जातो. वाईट म्हणजे बोलताना आपला सेट ऐकत नसतो, त्यामुळे दोघांनाही वाटतं आपण बोललो, आपलं पोचलं. तो पत्र्याच्या खोलीत उभा राहून, तयारी करून, सावकाश बोलला होता आणि ते कोणालाच ऐकू गेलं नव्हतं. आणि माझ्या समोर एकमतानं मान्य असं टाइप केलेलं.

मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "घरमालक माणूस चांगला आहे, ताई. तोंडी हाव म्हणते. पण कागद दाखवला की भेते, म्हणते वीज पडली तं माह्यावर येईन. तो सही काही देत नाही. म्हणजे माहा परवाना गेला." मी विचारलं, तुला त्या परवान्याचं इतकं काय वाटतं? हे विचारायला नको होतं, पण विचारलं. तो म्हणाला, "कंपनीत मले गेटपासच्या नंबरानं बोलावते. दिवसभर मशिनीच्या आवाजात कोणी कोणाशी बोलून नाही राहत. रविवारी तुम्ही माहा कॉल पुकारता. तोबी नंबरच आहे म्हणा, पण तो मी परीक्षा देऊन कमावला आहे." फोन ठेवल्यावर मी रडले. मला राग आला होता, मसुद्यावर थोडा आणि माझ्या त्या चहाच्या कपावर जास्त. आणि मग तुमची ती पाण्याची टाकी आठवली. हे कलम तेव्हा असतं तर सहीच्या कागदावाचून तुमचा परवाना गेला असता, सर. टाकीवर तार नसती, ओट्यावर सेट नसता, आणि मी मीटरच्या काट्यांना घाबरत नोकरी संपवली असती.

मुदत अजून संपलेली नव्हती. मी दुसऱ्याच सकाळी जादा नेट बोलावलं. सक्करदरा काकांचा पारा चढलेला. "मत झालं न? मंग आता काहून उकरून काढून राहिल्या?" मी म्हटलं, "कारण मी नीट ऐकलं नाही. चूक माझी आहे, दुरुस्तीही मीच करणार. आजची रीत सगळ्यांना माहीत आहे. ज्याचा सिग्नल कमजोर, तो आधी. ज्यांचे टॉवर आहेत त्यांनी माइक हातातून खाली ठेवा." तुमचे हेडफोन मी कानाला लावले होते, तेच, जे तुम्ही गेल्यावर काकूंनी मला दिले. माझ्या बाबांनी विणलेल्या लुगड्याचा जुना काठ कापून काकूंनी हेडफोनच्या गाद्यांना शिवला होता. तो आता इतका विरला आहे की कानाला नुसता दोरा लागतो. पण त्यातून बुटीबोरी ऐकू आला. तुटत, खरखरत, दोनदा थांबून, पण सगळा. खोली, बांबू, चांगला पण घाबरट घरमालक, गेटपासचा नंबर.

मग मी सक्करदऱ्यांना पुकारलं. "काका, आधी काय ऐकलं ते सांगा." त्यांनी सांगितलं. खरं सांगते, त्यांनी एक शब्द गाळला नाही. गेटपासच्या नंबरापाशी त्यांचा तो दणदणीत आवाज खाली आला. ते बोलायचे थांबले, पण बटण सोडलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या कूलरचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मग म्हणाले, "मी बी घरमालक आहो. माह्या वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवला आहे. तो मले सही मागाले आला तं मी देईन का?" पुन्हा नुसता कूलर. "नाही देणार. कायले खोटं बोलू? कोर्टकचेरीच्या भेवानं मी नाही देणार. मंग हे कलम चूक आहे. परवाना माणसाले पाहिजे, भिंतीले नाही. माहं मत बदललं, लिहा." काकांशी माझं जन्माचं वाकडं आहे, ते माइक सोडत नाहीत म्हणून. त्या दिवशी मात्र मला त्यांच्या घरी जाऊन पाया पडावंसं वाटलं.

बाकीचेही एकेक करून बोलले. काहींनी कलमाच्या बाजूनंच मत दिलं, त्यांची कारणं मी त्यांच्याच शब्दांत घातली. पण क्लबचं म्हणणं विरोधाचं झालं, आणि त्यात पहिला परिच्छेद बुटीबोरीचा आहे, त्याच्याच क्रमानं, त्यानं घरी दोनदा बोलून पाहिला तसा. टॉवरवाले शेवटी. दिल्लीत कोणी वाचेल का? वाचेल. इतकं सरळ लिहिलेलं त्यांच्या टेबलावर फार येत नसणार. कलम निघेल की नाही ते मला माहीत नाही, पण ऐकू गेलं नाही असं आता कोणी म्हणू शकत नाही. पाठवल्यावर मी बुटीबोरीला फोन करून त्याचा परिच्छेद वाचून दाखवला. तो नुसता "हाव... हाव..." म्हणत होता. मग म्हणाला, "ताई, आणखी एक डाव वाचा न."

आता ते, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. म्हणण्याच्या शेवटी मी एक परिच्छेद घातला, नेटवर न विचारता. त्यात लिहिलं की या क्लबचे संस्थापक आयुष्यभर कंपनीच्या क्वार्टरमध्ये आणि भाड्याच्या खोल्यांत राहिले, त्यांच्या तारेला कधीही लेखी संमती नव्हती, आणि आज ते असते तर त्यांनी या कलमाला विरोध केला असता. तुमच्या वतीनं मी बोलले, सर. तुम्ही फ्रिक्वेन्सीवर नव्हता. तुमची रीत मी मोडली, समजून-उमजून, आणि वाईट वाटतंय असंही म्हणवत नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, पाठवायला जागाही नाही. पण आज सकाळी नेट संपल्यावर, सगळे गेल्यावर, मी तुमचा कॉल एकदा पुकारला, बटण सोडलं, आणि हेडफोन कानाशी दाबून बराच वेळ ऐकत बसले. तुम्ही काही दुरुस्ती सांगितली नाहीत.